चारच ना?

४ जानेवारी, शुक्रवार

कचेरीची डायरी यंदा माझ्या नावाने आली. आजवर ती ह्यांच्या नावाने यायची, हे ती घरी आणून माझ्या नणंदेच्या हातात ठेवायचे आणि वन्सं तिच्यात वर्तमानपत्रातली कात्रणं चिकटवायच्या. यंदा त्यांनी मागितली तेव्हा मी दिली नाही. सातवीत माझी शाळा सुटली, वाचन मात्र सुटलं नाही. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदसुद्धा मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचलं, आता थोडं आपलं लिहून पाहू. कोणी वाचलं नाही तर मी आहेच.

हे गेल्याला आठ महिने झाले. अनुकंपेवर त्यांची खुर्ची मला मिळाली, सहा महिन्यांच्या बोलीवर. काम जमलं तर कायम, नाही जमलं तर घरी. खुर्चीवरची उशी मीच शिवलेली आहे. एका बाजूला दबलेली. हे डावीकडे कलून बसायचे.

काम असं. देशात एकतीस आरोग्य केंद्रं आहेत. दर शुक्रवारी दहा ते दोन या वेळात एकेक केंद्र फोन करतं आणि आठवड्यात कुठल्या आजाराचे किती रोगी आले ते सांगतं. मी वहीत लिहायचं. यादी सोळा ओळींची. ताप, जुलाब, कावीळ, गोवर, गालगुंड, डांग्या खोकला अशी सुरू होते आणि ‘कुत्रा चावणे’ इथे संपते.

मोठे साहेब स्वतः टेबलापाशी आले. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक आलेख लावलाय. वरून घसरत आलेली रेघ, मग खाली सपाट. “अकरा वर्षांपूर्वी या देशात आजार कुठे होते आणि आता कुठे आहेत बघा बाई,” ते म्हणाले. “तुमच्या मिस्टरांनी ही घसरण स्वतःच्या हाताने लिहिली.” शेजारी ह्यांच्या नावाचं प्रशस्तिपत्रक आहे. साहेब गेल्यावर मी रुमालाने काच पुसली.

पहिला फोन पुलापलीकडच्या केंद्रातल्या नर्सचा. “दादांच्या मिसेस ना? म्हणजे आमच्या वहिनी. घ्या लिहून. ताप चार, जुलाब चार, कावीळ नाही, गोवर नाही, गालगुंड दोन, डांग्या चार, कुत्रा चावणे चार.” मधल्या ओळी तिने अशा म्हटल्या की आगगाडी पुलावरून जावी. मग म्हणाली, “दादा तर यादीसुद्धा वाचायला लावायचे नाहीत. माझा आवाज ऐकला की म्हणायचे, दमलात ना सिस्टर, चारच ना? मी हो म्हणायचे. दोन मिनिटांत मोकळी. देवमाणूस.”

माझे डोळे भरून आले. नुसत्या आवाजावरून आकडा ओळखायचा म्हणजे केवढा अनुभव.

बाकीच्या तीस केंद्रांतूनही बहुतेक चारच आले. चार हा या देशाचा आवडता आकडा दिसतो.

११ जानेवारी, शुक्रवार

मला फोन ठेवता येत नाही हा माझा जुना दोष. माझ्या बहिणी मला फोन करण्याआधी जेवून घेतात.

पुलापलीकडची म्हणाली, “जुलाब चार.” मी म्हटलं, “बरं. आणि तुमचं कसं चाललंय?” झालं. तिचा नळ फुटलाय, मदतनीस बाळंतपणाला गेली, शाळेच्या टाकीत काहीतरी मेलंय आणि सोमवारी एका वर्गातली सात मुलं एकदम आली. मी म्हटलं, “हे सात त्या चारांत धरले का?” ती म्हणाली, “नाही, ते वेगळे.”

“मग अकरा लिहू?”

“नको हो वहिनी. पाच झाले की लांब फॉर्म येतो. चार पानं, तीन प्रती. इथे मी एकटी. टोचायचं कोणी आणि लिहायचं कोणी?”

“तुम्ही सांगा, मी भरते.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “दादा चांगलेच होते. पण हे नवीन आहे.”

नऊ केंद्रांचे फॉर्म भरले. दोन वाजता संपणारं काम साडेपाचला संपलं. माझं अक्षर चांगलं आहे, इतकी वर्षं ते डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांवर वाया गेलं.

२५ जानेवारी, शुक्रवार

कचेरीत एक नवा डॉक्टर आलाय. रोगी तपासत नाही. देशात साथी का येतात आणि का जातात हे शोधायला त्याला नेमलंय. दिवसभर चौकटीच्या कागदावर रेघा काढतो, म्हणून मी त्याला मनात आलेखवाला म्हणते. तोंडावर डॉक्टर. तो मला काकू म्हणतो. बांधा असा की पंखा मोठा केला तर कागदांबरोबर त्यालाही दाबून धरावं लागेल.

दुपारी मी त्याला सरळ विचारलं, “साथ येते ते समजलं. जाते कशी? कोणी न घालवता?”

तो खूश झाला. म्हणाला, “रोगाला अशी माणसं लागतात, ज्यांना तो आधी झालेला नाही. ती मिळेनाशी झाली की साथ बसते. मग नवी बाळं जन्मतात, काहींचं टोचायचं राहून जातं, मोठ्यांमधली जुनी ताकद ओसरते. अशी माणसं पुरेशी जमली की पुन्हा.”

“म्हणजे सरपण,” मी म्हटलं.

“काय?”

“वाळकं सरपण साठलं की ठिणगीला निमित्त पुरतं. जळून गेलं की विझतं. एवढ्यासाठी तुम्ही सहा वर्षं शिकलात?”

“नऊ,” तो म्हणाला. मग म्हणाला, “सरपण आहे हे सगळ्यांना कळतं काकू. किती साठलंय ते मोजायला नऊ वर्षं.”

मुलगा बरा आहे. जाताना भिंतीवरच्या आलेखापुढे बराच वेळ उभा राहिला. “रोग असे वागत नाहीत. ते जिना चढतात, उतरतात. हा तर अंथरुणालाच खिळलाय.”

“ह्यांचं बारीक लक्ष होतं,” मी म्हटलं.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज धावपळ. देशात साथ आली आहे. एक नाही, सोळा. महिन्याभरात सगळ्या आजारांची रेघ तिप्पट वर. मोठ्या साहेबांनी बैठक बोलावली आणि मला वही घेऊन दाराशी बसवलं.

एकाने पाण्याला दोष दिला, दुसऱ्याने हवेला. भांडारवाले म्हणाले, लोक हल्ली बसने फार हिंडतात. सफाई विभागाचे म्हणाले, सफाई सोडून काहीही असू शकेल. मोठे साहेब टिपून घेत होते.

आलेखवाला यादीच्या तळाशी बोट ठेवून बसला होता. म्हणाला, “कुत्रा चावणेसुद्धा तिप्पट आहे.”

“मग?”

“नाही, विचार करतोय. गोवर माणसाकडून माणसाकडे जातो. चावणं एका कुत्र्याने दुसऱ्याला शिकवलं का?”

“कुत्र्यांचा विषय वेगळा,” साहेब म्हणाले.

मला काळजी वाटली. मी आल्यापासून देश आजारी पडायला लागला, पायगुणच वाईट म्हणतील.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दहा ते साडेपाच आलेखवाला माझ्या शेजारी बसून माझं बोलणं ऐकत होता. एकदा हसू आवरेना म्हणून बाहेर गेला. गिरणीच्या केंद्रातल्या नर्सने कुत्रा चावल्याचे चार सांगितले होते, मी कुत्र्याचा रंग विचारला. तिला पाच कुत्रे आठवले.

शेवटचा फोन झाल्यावर म्हणाला, “काकू, सापडलं. साथ तुमची आहे.”

“मला काही झालेलं नाही.”

“आजार वाढले नाहीत. सांगणं वाढलं. आधी कोणी पाचवा रोगी सांगत नव्हतं, तुम्ही सांगायला लावता. म्हणून सोळाच्या सोळा ओळी एकाच दिवशी चढल्या. कुत्र्यांसकट.”

मला राग यावा की आनंद व्हावा ते ठरवता येईना, म्हणून मी चहा मागवला.

मोठ्या साहेबांचा जीव भांड्यात पडला. “म्हणजे वाढ खोटी. बाई, यापुढे फक्त आकडा विचारायचा. गप्पा नाहीत. फॉर्म नियमाप्रमाणे नर्सनेच भरायचा.” सहा महिन्यांची आठवणही जाता जाता करून दिली.

आलेखवाला ह्यांची जुनी वही चाळत होता. तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, वही मिटली. काहीतरी विचारायचं होतं त्याला. बहुतेक दुसरा चहा हवा असावा.

घरी वन्संना सांगितलं. म्हणाल्या, “मी कधीपासून सांगतेय, फार बोलतेस. आता अख्खा देश आजारी पाडलास.” मग त्यांच्या धाकट्या भावाच्या फोटोकडे बघून, “तो बिचारा अकरा वर्षं शांतपणे लिहीत होता.”

१ मार्च, शुक्रवार

दोन शुक्रवार मी फक्त आकडे लिहितेय. सगळीकडे पुन्हा चार. एक वाजता काम संपतं. टेबल आवरून बसते आणि त्या दबलेल्या उशीला बरोबर डावीकडे कलते.

पण बोलायचं नाही म्हटल्यावर ऐकू जास्त येतं. पुलापलीकडची आकडे सांगत असताना मागे कोणी मूल खोकत होतं. एकामागून एक, मध्ये श्वासाला जागाच नाही, जिन्यावरून बटाट्यांचं पोतं सोडून द्यावं तसं. आणि शेवटी श्वास आत ओढताना लांब, आरवल्यासारखा आवाज. माझा धाकटा भाऊ डांग्या खोकल्यातून वाचला होता. तो आवाज मी कुठेही ओळखेन.

“डांग्या चार,” ती म्हणाली.

“मागे कोण आहे?”

“बाकावर बसलीत.”

“किती?”

“वहिनी, तुम्हाला बोलायला मनाई केलीय ना?”

“मी कुठे बोलतेय? मोजतेय.”

तिने बाकावर नजर फिरवली असावी. मग हळूच, “नऊ. दोन तान्ही आहेत. तान्ह्यांना आवाज काढायचंही बळ नसतं, नुसती निळी पडतात.”

बाजारपेठेच्या केंद्रातून तोच आवाज. गिरणीच्याही. कालव्याच्याही. चारही एकाच बसच्या रस्त्यावर. वहीत मी नियमाप्रमाणे चार-चार लिहिले आणि समासात पेन्सिलीने, जेवढे कानांनी मोजले तेवढे.

८ मार्च, शुक्रवार

आज आठ केंद्रांतून तो खोकला. कुत्रे जिथल्या तिथे आहेत. मी मुद्दाम विचारलं, चोरून.

मोठ्या साहेबांकडे गेले. म्हटलं, डांग्याचं औषध आणि लस या रस्त्यावर लगेच पाठवायला हवी. ज्यांच्या घरी तान्हं आहे त्या खोकणाऱ्या मोठ्यांना आवरायला हवं. ते हसले. रागाने नाही, दमून.

“बाई, परत तुमची साथ?”

“या वेळी एकच आजार वाढतोय साहेब. आणि रस्त्याने पुढे सरकतोय.”

“अकरा वर्षं डांग्या कुठल्याही केंद्रात चाराच्या वर गेलेला नाही. आता अचानक कसा जाईल? वर काय सांगू, फोनमध्ये खोकला ऐकला? मी म्हणत नाही, वही म्हणते. तुमच्याच यजमानांचं अक्षर आहे.”

बाहेर आले तर आलेखवाला माझ्या टेबलावर दोन वह्या उघडून बसला होता. एक ह्यांची. दुसरी त्याआधीच्या कारकुनाची, भांडारातून काढलेली, कडा कुरतडलेल्या.

“काकू, तुम्हाला वाचनाची आवड आहे. हे वाचा.” आणि तो चक्क निघून गेला.

वाचलं. जुन्या वहीत डांग्याचा दर वर्षीचा सगळ्यात मोठा आठवडा बघत गेले: देशात एका वर्षी नऊशे दहा, मग चारशे, मग तीनशे, मग साडेतीनशे, मग पुन्हा नऊशेच्या वर. दर चौथ्या वर्षी डोंगर. सरपण साठतंय, पेटतंय, विझतंय, नजरेला दिसतं. मग ह्यांचं अक्षर सुरू होतं, ते गोलाई असलेलं, ज्यातली पत्रं मी अजून ठेवली आहेत. चार. चार. तीन. चार. अकरा वर्षं, पानांमागून पानं. डोंगर गेले नव्हते. कोणी लिहिले नव्हते.

दमलात ना सिस्टर, चारच ना.

हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते इथे याच डायरीत लिहूनही ठेवलं, आणि रडले, आणि पुढे गेले.

९ मार्च, शनिवार

सकाळपासून कपाट आवरतेय. आवरण्यासारखं काही नव्हतं.

माझे आकडे खरे असतील तर ह्यांचे खोटे. आणि ह्यांचे खरे मानले तर पुलापलीकडच्या बाकावर कोणी खोकत नाही. दोन्ही ठेवता येत नाहीत. मी मोठ्या साहेबांना काही सांगितलं नाही तर कोणाला कळणार नाही. आलेखवाला बोलणार नाही, मला वाचायला देऊन गेला यातच ते आलं. चौकट भिंतीवर राहील, प्रशस्तिपत्रक राहील. आणि औषधाची गाडी कचेरीच्या अंगणात राहील.

हे आळशी नव्हते. हे मी बायको म्हणून लिहीत नाही. ह्यांना कोणाला त्रास दिलेला सोसायचा नाही. दुकानदाराने कुजका कांदा घातला तरी परत करायचे नाहीत, त्याला वाईट वाटेल म्हणून. पलीकडे एक दमलेली बाई, तिच्यापुढे चार पानांचा फॉर्म. म्हटले असतील, जाऊ दे.

छातीत दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, किती वेळा दुखतं? हे म्हणाले, एखाद-दुसऱ्या वेळी. मी शेजारीच बसले होते. मला ठाऊक होतं, रोज दुखायचं, जिन्यावर दोनदा थांबायचे. चारचौघांत नवऱ्याला खोटं कशाला पाडा, म्हणून मी गप्प बसले.

म्हणजे तिथे मीही तेच केलं. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

१० मार्च, रविवार

वन्संना सगळं सांगितलं. त्यांनी विणकाम खाली ठेवलं.

“म्हणजे माझा भाऊ खोटारडा?”

“नाही वन्सं. मऊ.”

“मऊ. आणि ते तू सगळ्या कचेरीत सांगणार. मेल्या माणसाचे वाभाडे काढायचे, तेही त्याच्याच खुर्चीत बसून.”

“त्या खुर्चीत बसलं की फोन ऐकू येतो.”

मग दुपारभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. भिंतीशी बोलल्या. भिंतीला सांगितलं की काही लोकांना जास्त वाचून शिंगं फुटतात. मी भिंतीला सांगितलं की चहा झालाय.

संध्याकाळी आपणहून म्हणाल्या, “लहानपणी त्याचा पाय मोडला होता. तीन दिवस कोणाला सांगितलं नाही. आईला कामावर जायचं असायचं ना. अजून जरा उशीर झाला असता तर लंगडाच झाला असता.” थोड्या वेळाने, “आई त्याला म्हणाली होती, गाढवा, तू न सांगितल्याने माझं काम कमी झालं का वाढलं?”

विणकाम परत हातात घेतलं. टाका चुकला होता, उसवत बसल्या.

१५ मार्च, शुक्रवार

नियम मोडला. एकतीसही केंद्रांना आकडा घेतल्यावर दुसरा प्रश्न विचारला: तुमच्याकडे रोग्यांची स्वतःची वही आहे का, आणि तीत मागच्या अकरा वर्षांत डांग्याचे खरे किती?

आधी सगळ्या घाबरल्या. मी म्हटलं, कोणावर काही येणार नाही, आलं तर माझ्या घरावर येईल. तेवीस केंद्रांकडे वह्या होत्या. पुलापलीकडची रडली. “दादांचं नाव खराब होईल वहिनी.” मी म्हटलं, “आकडा सांगा.” तिचे एकटीचेच चार वर्षांपूर्वी एका महिन्यात एकशे बारा होते. ह्यांच्या वहीत आठवड्याला चार.

आलेखवाला शेजारी बसून ठिपके देत होता. साडेसातला रेघ पुरी झाली. सपाट नव्हती. अकरा वर्षांत दोन डोंगर, आणि तिसऱ्याचा पायथा या महिन्यात.

“या वर्षी येणारच होता,” तो म्हणाला. त्याला आनंद झाला होता आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

१८ मार्च, सोमवार

साहेबांच्या खोलीत मी उभीच राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, “माझ्या नवऱ्याने आकडे दाबले. वाईट हेतूने नाही, पण दाबले. अकरा वर्षं. त्यामुळे ती वही पुरावा म्हणून धरू नका. ही नवी रेघ धरा.”

साहेबांनी रेघ पाहिली. बराच वेळ. मला वाटलं आता सहा महिन्यांचं निघणार.

“पाच रोग्यांनंतर लांब फॉर्म,” ते म्हणाले, “हा नियम कोणाचा, ठाऊक आहे?”

“नाही.”

“माझा. मोठ्या साथींची माहिती जास्त तपशिलात मिळावी म्हणून केला होता.” पेनाचं टोपण काढलं, लावलं. “आणि मग साथीच येईनात. मला वाटलं, वा.”

हसावं का ते आम्हा दोघांनाही कळेना. मग ते फोनवर औषधाच्या गाडीबद्दल बोलायला लागले, आणि मी निघाले. दारात म्हणाले, “बाई, फॉर्म आता अर्ध्या पानाचा करा. तुम्हीच करा.”

५ एप्रिल, शुक्रवार

डांग्याचे या आठवड्यात देशात नऊशे चाळीस. साहेबांनी आकडा न लपवता वर पाठवला आणि वरून शिव्या खाल्ल्या. रोज एकदा माझ्या टेबलापाशी येऊन शिव्यांचा गोषवारा देतात. आमची मैत्री झालीय असं वाटतं.

चौदा केंद्रांत औषध पोचलं. मी प्रत्येकीला सांगतेय: खोकणाऱ्या आजोबांना नातवापासून लांब ठेवा. कालव्याची म्हणाली, आजोबा ऐकत नाहीत, म्हणतात ही साधी धूळ आहे. मी म्हटलं, आजोबांना फोन द्या. वीस मिनिटं लागली. आता ते गच्चीवर झोपतात आणि माझ्यावर रागावलेत.

पुलापलीकडचं एक तान्हं मोठ्या हॉस्पिटलात आहे, पाच आठवड्यांचं. त्याला टोचायचं वयही झालेलं नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

बाळ आहे. आज एवढंच विचारलं, बाकी आकडे नंतर लिहिले.

३ मे, शुक्रवार

बाळ घरी आलं. नर्सने फोन त्याच्या तोंडाशी धरला. चांगलं सणसणीत रडत होतं. मी आयुष्यात इतक्या आनंदाने कोणाचं रडणं ऐकलं नाही.

या आठवड्यात चारशे सत्तर. दोन आठवडे रेघ उतरतेय. आलेखवाल्याला विचारलं, “औषधामुळे, का सरपण संपलं म्हणून?”

“दोन्ही.”

“किती-किती?”

“ते सांगता आलं तर मला मोठं बक्षीस मिळेल.”

“म्हणजे नऊ वर्षं शिकूनही—”

“आता साडेनऊ झाली काकू.”

२४ मे, शुक्रवार

आलेखवाल्याचा अहवाल छापायला जातोय. एक ओळ अर्धी ठेवून त्याने कागद माझ्याकडे दिला: ‘या अकरा वर्षांत आकडे कमी दिसतात, कारण’. म्हणाला, “पुढचं तुम्ही लिहा. मी लिहिलं तर आरोप वाटेल.”

कागद घरी आणला. वन्सं चष्मा लावून समोर बसल्या, परीक्षेला बसवल्यासारखं.

मी पहिलं लिहिलं: नोंद करणारा कारकून निष्काळजी होता. वन्सं म्हणाल्या, “हा कोण? याला मी ओळखत नाही.” खोडलं.

दुसरं लिहिलं: पाच रोग्यांनंतर लांब फॉर्म भरावा लागे. म्हणाल्या, “यात साहेब आहेत. आपलं कोणी नाही.” तेही खरंच होतं, पण अर्धं.

तिसरं लिहिलं: फोनवरच्या दमलेल्या माणसाला आणखी दमवायचं नोंद करणाऱ्याच्या जिवावर येई.

वन्सं कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, झालं. आता याला हात लावू देणार नाहीत.

“पुढे लिही,” त्या म्हणाल्या.

“पुढे काय?”

“मुलांचं. नुसता त्याचा चांगुलपणा लिहिलास तर तीही अर्धीच नोंद.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मग मी लिहिलं: त्या काळात किती मुलं आजारी पडली याचा नंतर अंदाज करता आला, किती वाचली नाहीत, हे आम्हाला माहीत नाही.

त्यांनी सगळं सलग एकदा वाचलं, मोठ्याने, एका अक्षरावरही न अडखळता. चष्मा काढून पुसला.

“असंच जाऊ दे,” म्हणाल्या. “आणि आता वाढ जेवायला. दोघींचं निवतंय.”